कठड्यावरचा हात

लाँड्रीवाल्यानं इस्त्री उभी ठेवली आणि मागच्या कोपऱ्याकडे मान वळवून म्हणाला, "ऐकलंत का? थोरली परत येतेय."

कोपऱ्यात खिडकीखाली रफूवाला बसला होता. गेली एकतीस वर्षं तो तिथेच बसत आला होता. धुवायला आलेल्या कपड्यांत काही जळलेलं, कसर लागलेलं, खिळ्याला अडकून फाटलेलं निघालं की लाँड्रीवाला ते त्याच्याकडे सरकवायचा. आत्ता त्याच्या मांडीवर एका करड्या कोटाची बाही होती. बाहीला वाटाण्याएवढं भोक होतं, आणि सुई एका धाग्याखालून निघून दुसऱ्यावर जायची होती. ती तिथेच थांबली.

"कोण थोरली?"

"कोण थोरली म्हणे. अहो, आपली. लॉजवाली. मेलीच नव्हती ती. काल जाहिरात दाखवली. सोमवारपासून आहे."

"खुर्चीत बसल्या बसल्या गेली होती. आपण सगळ्यांनी बघितलं."

"ती तिची जुळी बहीण होती."

"जुळी? चौदा वर्षांत जुळीचं नाव नाही निघालं कधी."

"आता निघालं ना." लाँड्रीवाल्यानं शर्टाची कॉलर सपाट केली. "तुम्ही तर कोर्टात उभं केल्यासारखं विचारायला लागलात. मी काय लिहिलंय का ते? बाई परत आली, माणसं खूश, विषय संपला. माझी बायको तर कालपासून हसतेय. लग्नात हसली नव्हती एवढी."

रफूवाल्यानं बाही खाली ठेवली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. काचा स्वच्छच होत्या. त्याला काय झालं ते त्याचं त्यालाच कळेना. छातीत दुखत नव्हतं, रागही म्हणावा असा आला नव्हता. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं काहीतरी झालं होतं.

मालिकेत तसं फार काही नव्हतं. तीन बहिणी, स्टेशनसमोरचं त्यांचं तीन मजली लॉज, आणि तिथे रोज उतरणारी माणसं. थोरली किल्ल्या सांभाळायची, मधली स्वयंपाकघर बघायची आणि धाकटी प्रेमात पडायची. त्याची बायको पहिल्या दिवसापासून बघत होती. तो सुरुवातीला पेपर आडवा धरून बसायचा आणि मधूनच टोमणा मारायचा, "आज कुणाशी जमलं धाकटीचं?" ती म्हणायची, "पेपर उलटा धरलाय तुम्ही." तिसऱ्या वर्षी लॉजमध्ये एक म्हातारा एक पेटी विसरून गेला. थोरलीनं ती माळ्यावर ठेवली. पुढे कुणी तिचं नाव काढलं नाही. सहाव्या वर्षी धाकटी माळ्यावर काही शोधायला गेली आणि ती पेटी सापडली, आणि त्या पेटीतून पुढची दीड वर्षं निघाली. त्या दिवशी रफूवाल्यानं पेपर खाली ठेवला तो कायमचा. त्याला गोष्टीतलं काही कळत होतं असं नाही, पण काम कळत होतं. रफूचा धागा बाहेरून विकत आणून चालत नाही. रंग कितीही जुळवा, दोन धुण्यांत वेगळा दिसतो. धागा त्याच कपड्यातून काढावा लागतो, आतल्या शिवणीतून, दुमडलेल्या काठातून, जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथून. ही मालिका लिहिणारी माणसं, कोण असतील ती, धागा आतून काढत होती. त्यानं बायकोला तसं सांगितलंही होतं. ती म्हणाली होती, "तुम्हाला सगळीकडे भोकंच दिसतात." पण तिला बरं वाटलं होतं. नवरा शेजारी येऊन बसला होता.

मग रोज साडेसातला ती डाव्या बाजूला आणि तो उजव्या. पेपरची वर्षं धरली तर अकरा. त्या अकरा वर्षांत मुलाचं शिक्षण झालं, लग्न झालं, नोकरीसाठी तो बाहेरगावी गेला, सून औषधांच्या दुकानातल्या कामामुळे इथेच राहिली, सोफ्याचं कापड दोनदा बदललं. साडेसात बदलले नाहीत. दुपारी जेवताना दोघं लॉजबद्दल बोलायची, शेजारच्या घराबद्दल बोलावं तशी. स्वतःबद्दल बोलायचं असलं तरी बऱ्याचदा तिकडूनच जायची. मुलाचं वागणं तिला खटकलं तर ती म्हणायची, "धाकटीला जरा जास्तच सूट दिली थोरलीनं." तो समजायचा. निदान त्याला तसं वाटायचं.

थोरलीचं जाणं एका दिवसात झालं नाही, हीच त्यातली गंमत होती, म्हणजे गंमत म्हणायचं तर. आधी एक दिवस तिनं जिना उतरताना कठड्याला हात लावला. नुसता लावला. कुणी काही बोललं नाही, संगीत वाजलं नाही. त्यानं बायकोच्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाला, "बघितलंस? कठडा धरला. दहा वर्षांत कधी धरला नव्हता. ही जाणार." ती म्हणाली, "चला, काहीतरीच." महिन्यानं थोरलीनं वरच्या मजल्याच्या किल्ल्या मधलीकडे दिल्या, गुडघे दुखतात म्हणून. मग एका गिऱ्हाइकाचं नाव विसरली आणि हसण्यावारी नेलं. तो प्रत्येक खूण टिपत होता, आणि लाँड्रीवाल्याला दुसऱ्या दिवशी ऐकवत होता. जवळजवळ वर्षभर हे चाललं. आणि शेवटच्या दिवशी थोरलीनं सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या खुंटीवर एकेक करून अडकवल्या, खुर्चीत बसली, आणि पुढे फक्त किल्ल्या दिसत राहिल्या. हलत होत्या. हळूहळू हलायच्या थांबल्या. एवढंच. दोघं कितीतरी वेळ बोलली नाहीत. बायकोच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मग ती म्हणाली होती, "असं जावं माणसानं. ओढाताण नको."

ते वाक्य त्याच्याकडे राहिलं. चार महिन्यांनी उपयोगी पडलं.

दुखणं तिला आधीपासून होतं, पण औषधांवर भागत होतं. मग एका सकाळी भागेना. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण त्याला बाहेरच्या बाकावर बसवून म्हणाली, "नळी घालून मशीनवर ठेवता येईल. यातून बाहेर येतील अशी शक्यता आहे, पण थोडी. दहात एक, फार तर दोन. न ठेवलं तर आजचा दिवस. त्यांची स्वतःची काही इच्छा होती का? कधी बोलल्या होत्या?" त्यानं मुलाला फोन लावला. मुलगा रडत म्हणाला, "बाबा, आईचं तुम्हाला माहीत. तुम्ही सांगाल ते." सून समोर उभी होती, तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यानं तेव्हा ते पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. तो डॉक्टरणीला म्हणाला, "तिला तसं नको होतं. तिनं मला सांगितलंय." डॉक्टरणीनं लिहून घेतलं. त्यानं सही केली. सही नीट आली, हात कापला नाही, याचंही त्याला नंतर समाधान वाटलं होतं. आपण तिचा शब्द राखला. तीन वर्षं तो त्या समाधानावर जगला होता. मालिका मात्र त्यानं त्यानंतर लावली नाही. उजवी बाजू एकटीनं बघणार काय.

"लोकांनी मागितली म्हणून आणली," लाँड्रीवाला पुढे म्हणत होता. "लाखो मेसेज गेले म्हणे. तीन वर्षं जातच होते."

"मागितली म्हणून द्यायची का?"

"मग काय, न मागितलेलं द्यायचं? तुम्ही गिऱ्हाइकाला नाही म्हणता का कधी?"

"म्हणतो. भोक बशीएवढं असलं की म्हणतो, याचं रफू व्हायचं नाही, ठिगळ लावा."

"आणि गिऱ्हाईक काय म्हणतं?"

"म्हणतं, करा हो कसंतरी."

"मग?"

"मग मी करत नाही."

"म्हणून तुम्ही कोपऱ्यात आणि मी गल्ल्यावर," असं म्हणून लाँड्रीवाल्यानं इस्त्री उचलली.

सोमवारी तो सातलाच घरी आला. सून आत भाजी निवडत होती. त्यानं स्वतःच टीव्ही लावला तशी ती हात पुसत बाहेर आली आणि काही न विचारता खुर्ची ओढून बसली. सोफ्याची डावी बाजू रिकामीच राहिली. मालिका सुरू झाली आणि पहिल्या पाच मिनिटांत त्याला कळलं की ही ती माणसं नव्हेत, किंवा तीच असतील तर त्यांनी हात टेकले आहेत. थोरली दारात उभी राहिली, वारा नसताना तिची शाल उडाली, तिचं जुनं संगीत वाजलं, मग पुन्हा वाजलं. मधली रडली, धाकटी रडली, सहा वर्षांपूर्वी लॉज सोडून गेलेला स्वयंपाकीही कुठूनसा येऊन रडला. थोरली म्हणाली, "माझ्या किल्ल्या कुठायत?" हे तिचं नेहमीचं वाक्य होतं, पूर्वी ते सहज यायचं, घाईत, पाठमोरी असताना. आता तिनं ते समोर बघून म्हटलं आणि थांबली, जणू टाळ्यांसाठी. जुळ्या बहिणीचं दीड मिनिटात आटपलं. तिला नाव होतं, गाव होतं, पण ती लॉजमध्ये येऊन त्या खुर्चीत का बसली आणि किल्ल्या का अडकवत होती, ते कुणी विचारलं नाही. रफूवाला बघत होता आणि त्याला ते सगळं उसवल्यासारखं दिसत होतं. वर्षभराचा कठडा, वरच्या मजल्याच्या किल्ल्या, विसरलेलं नाव, सगळं फुकट. ती मेलीच नव्हती. मग आपण दोघं त्या दिवशी कशाला गप्प बसलो होतो? ती जे बोलली ते कशाच्या जोरावर बोलली? जिच्या मरणाकडे बघून एका बाईनं आपलं मरण ठरवलं, ती दुसरी बाई आता नवीन शाल पांघरून हसत उभी होती.

"खोटारडे," तो म्हणाला. सुनेनं त्याच्याकडे बघितलं आणि परत पडद्याकडे.

भाग संपला. पडद्यावर अक्षरं आली, 'तुम्ही मागितलंत, आम्ही आणलं', आणि खाली प्रेक्षकांचे मेसेज सरकायला लागले. आमची थोरली आम्हाला द्या. थोरलीशिवाय लॉज म्हणजे नुसत्या खोल्या. तो रिमोट शोधत होता. तेवढ्यात एक ओळ सरकत आली. 'किल्ल्यांचा आवाज आला नाही की घरात कुणी नसल्यासारखं वाटतं हो, आणा तिला.'

रिमोट हातात होता आणि बटण दाबलं जात नव्हतं. ते 'हो'. वाक्याच्या मध्येच. दूधवाल्याशी, डॉक्टरांशी, फोनवर मुलाशी, सगळ्यांशी ती असंच 'हो' म्हणायची. आणि किल्ल्यांचं तर ती त्यालाच म्हणायची. तो कामावरून आला की बाहेरूनच किल्ली वाजवायचा, तोच आलाय हे कळावं, तिला उठावं लागू नये म्हणून.

ओळ निघून गेली. त्यानं सुनेकडे बघितलं. ती पदार्थ करपल्याच्या वासानं उठावं तशी उठायला निघाली होती, पण आत काही शिजत नव्हतं.

"बस," तो म्हणाला. "हे तिचं आहे."

सून बसली. "हो."

"कुणी पाठवलं?"

"मी. आईंनी सांगितलं, मी लिहिलं."

"कधी?"

तिनं फोन काढला. फार शोधावं लागलं नाही. "हॉस्पिटलात न्यायच्या आधी नऊ दिवस."

"एवढंच होतं?"

"नाही. त्यांनी कापून घेतलंय." ती थांबली. "वाचू?"

त्यानं मान हलवली. सुनेनं वाचलं, सपाट आवाजात, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना वाचाव्या तसं. "'थोरलीला मारलंत ते बरं नाही केलंत. सगळे म्हणतात फार छान मारलं. मला नाही आवडलं. किल्ल्यांचा आवाज आला नाही की घरात कुणी नसल्यासारखं वाटतं हो, आणा तिला. कशीही आणा. जुळी दाखवा, स्वप्न दाखवा. गोष्ट बिघडली तरी चालेल. ती असू दे.'"

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं आणि ती चालू होत नव्हती.

"मला का नाही सांगितलं?"

"आई नको म्हणाल्या." सुनेनं फोन पालथा ठेवला. "म्हणाल्या, त्यांना ते मरण फार आवडलंय. त्यांचा विरस नको करायला."

"आणि तू? त्या दिवशी? बाकावर?"

"बाबा, ते मालिकेचं होतं. मालिकेतल्या बाईचं. डॉक्टर आईंचं विचारत होत्या. मी काय सांगणार होते, की आईंनी चॅनेलला मेसेज केलाय?" तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही म्हणालात, तिनं मला सांगितलंय. मला वाटलं, तुमच्यात बोलणं झालं असेल."

"झालं होतं."

"मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी करडा कोट अजून तसाच होता. सकाळचं ऊन खिडकीतून बाहीवर आलं, जसं त्याला लागतं तसं, मागून. त्यानं आतली शिवण उसवून धागा काढला, सुईत ओवला, आणि भोकाच्या कडेपासून उभे धागे मोजायला लागला. ही कड कापायची नसते. नवखा माणूस आधी कड कापून गोल करतो, नीटनेटकं दिसावं म्हणून, आणि मग भोक मोठं होऊन बसतं. कड आहे तशी ठेवायची, लोंबणारे धागे जिथून आले तिथे परत नेऊन बघायचे. तो तेच करत होता, आणि हात चालू असताना ती संध्याकाळ त्याच्यासमोर आली. मुद्दाम आणली नाही. किल्ल्या हलायच्या थांबल्या. तिच्या गालावर पाणी. खोलीत सामसूम. आणि मग आवाज. असं जावं माणसानं. ओढाताण नको. तो आवाज त्यानं तीन वर्षांत शेकडो वेळा ऐकला होता. आज पहिल्यांदाच तो घशात जाणवला, कानात नाही. वाक्य संपताना त्याचाच घसा भरून आला होता आणि त्यानं खाकरून तो मोकळा केला होता. तो म्हणाला होता. त्यानंच म्हटलं होतं, पडद्याकडे बघत, एखाद्यानं फार सुबक काम केल्यावर म्हणावं तसं. ती म्हणाली होती, "हं."

सुई हातात तशीच राहिली. त्यानं आणखी आठवायचा प्रयत्न केला, तिच्या तोंडी काहीतरी सापडेल म्हणून. सापडलं ते एवढंच. 'हं' म्हणून ती उठली, पाणी प्यायला आत गेली, आणि जाताना तिचा डावा हात भिंतीवर होता. सोफ्यापासून दारापर्यंत भिंतीवरून सरकत गेला. त्यानं तो बघितला होता. डोळ्यांना दिसला होता. पडद्यावरच्या बाईनं दहा वर्षांत एकदा कठडा धरला तर त्यानं गुडघ्यावर थाप मारली होती, वर्षभर सगळ्यांना सांगत सुटला होता. घरातली बाई भिंत धरून चालत होती तेव्हा त्याच्या मनात चालू होतं की किल्ल्यांवर शेवट केला, चेहरा दाखवला नाही, वा.

"काय हो, झोप लागली का?" लाँड्रीवाल्यानं विचारलं. "तो कोट आज न्यायला येणारेत."

"नाही व्हायचा आज."

"वाटाण्याएवढं तर भोक आहे."

"मला दिसत नाहीये," रफूवाला म्हणाला. लाँड्रीवाल्यानं कोट स्वतः उचलून मागच्या खुंटीला लावला आणि एक कप चहा आणून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. इस्त्रीकडे परत जात म्हणाला, "कालचा भाग बघितला. खरं सांगू? भिकार होता. बायकोला सांगू नका."

दहात एक, फार तर दोन. दिवसभर तो आकडा त्याच्या डोक्यात होता. त्याला कधी वाटायचं ती हळूच फसवून गेली, हं म्हणून. मान डोलावून माणसाला वाऱ्यावर सोडून गेली. नको होतं तर बोलायचं होतं. भांडायचं होतं. कपाटाच्या कड्या बसवण्यावरून आठ दिवस भांडली होती, मग यावर का नाही? आणि लगेच वाटायचं की ती बोलली होती. तिच्या पद्धतीनं, लॉजच्या वाटेनं, जसं दोघं नेहमी बोलायची. फक्त यावेळी पत्ता बदलला होता. नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता म्हणून तिनं लिहिणाऱ्यांना सांगितलं. आणि त्यांनी ऐकलं, तीन वर्षं उशिरा, वाईट ऐकलं, ढोबळ ऐकलं, पण ऐकलं. त्यानं ऐकलं नव्हतं.

साडेसातला सुनेनं विचारलं नाही आणि त्यानंही नाही. टीव्ही लागला. सून यावेळी खुर्चीकडे गेली नाही. सोफ्याजवळ घोटाळली, डाव्या बाजूकडे बघितलं आणि खाली सतरंजीवर बसली. पडद्यावर लॉजमध्ये सगळे थोरलीला काही ना काही देत होते. कुणी फुलं, कुणी जुना फोटो. प्रत्येकाच्या वाट्याला एक रडणं आलं होतं. सुनेनं थोडा वेळ बघून रिमोट उचलला.

"बंद करू का, बाबा? तुम्हाला त्रास होतोय."

"राहू दे," तो म्हणाला. "तिनं मागवलंय ते."

मग थोरली वरच्या मजल्यावरून जिना उतरायला लागली. किल्ल्यांचा जुडगा कमरेला होता आणि तो वाजत होता, मुद्दाम मोठा वाजवलेला. गुडघे दुखतात म्हणून तिनं वरचा मजला सोडला होता हे लिहिणारे विसरले होते. ती तरातरा उतरत होती. पायरीमागून पायरी, मान वर, आणि तिचा हात मोकळा हलत होता. कठड्याला कुठेच लागत नव्हता. ही चूक होती, ढळढळीत चूक. पूर्वी त्यानं शेजारच्या गुडघ्यावर थाप मारून ती दाखवली असती.

त्यानं हात आपल्याच मांडीवर ठेवला आणि थोरली शेवटच्या पायरीपर्यंत उतरेस्तोवर तिच्या हाताकडे बघत राहिला.